एक्केचाळिसावं इंजेक्शन

योहान माझ्या खिडकीशी आला तो चुकून. छातीचा फोटो काढायची खोली सोडून शेवगावच्या आमच्या मिशन दवाखान्यात औषधांच्या खिडकीपुढे उभा राहिला आणि मला म्हणाला, "शर्ट काढू का?"

तो एसटीत कंडक्टर. फोटोत क्षय निघाला. तीन महिने रजा आणि रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई... ती द्यायची मी. पाथर्डीहून रोज यायचा.

तीन आठवडे बरे गेले. मग त्यानं नवीनच खोड काढली. गोळ्या जेवणानंतर घ्या म्हटलं की म्हणायचा, काय? उद्या लवकर या म्हटलं की, काय? शिवाय खिडकीच्या गजांपर्यंत वाकून माझ्या ओठांकडे बघायचा. रांगेतल्या बाया पदराआड हसायच्या. मला इतका वैताग यायचा... आणि तो उशिरा आला की त्याहून जास्त.

एक्केचाळिसावी सुई दिली, तो निघाला. रुमाल राहिला, मी मागून म्हणाले. वळला नाही. पुन्हा म्हणाले — तरी नाही. पायरी उतरताना दिवसाढवळ्या त्याचा झोक गेला. भिंत धरून उभा राहिला.

सुईतलं हे औषध कानांवर जातं, तोल घालवतं, हे मी शिकले होते. आणि इतके दिवस त्याला चावट समजत बसले होते.

समोर जाऊन विचारलं, "कानात आवाज येतो?"

"येतो की. किर्र... पंधरा दिस झालं."

"मग बोलला का नाहीत?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सुई बंद केली असती तुमी. मग रोज यायचं कशाच्या नावानं?"

एक थोबाडीत द्यावीशी वाटली. रडूही येत होतं.

तशीच डॉक्टरांकडे गेले. औषधं देणाऱ्या बाईनं शिकवलेलं त्यांना रुचलं नाही. पण योहानच्या डाव्या कानाशी धरलेल्या घड्याळाची टिकटिक त्याला ऐकू येईना, तेव्हा त्यांनी कागदावरचं इंजेक्शन खोडलं. त्याऐवजी गोळ्या आणि कडू पुड्या, दीड वर्ष. महिन्यातून एकदाच यायचं.

पंधरा दिवस कसेबसे काढले. हा माणूस पुड्या घेणार नाही, याची मला खात्री होती. रविवारी उपासनेनंतर पाथर्डीची गाडी धरली. त्याच्या घरी पुड्या कोनाड्यात होत्या, एकही फोडलेली नव्हती. मळमळतं म्हणून ठेवल्यात, असं त्याच्या आईनं, राहीबाईंनी सांगितलं. मी त्याला पाव तास फैलावर घेतलं. तो उजवा कान पुढे करून सगळं ऐकत राहिला.

"दीड वरीस कोन बघनार माज्याकडं?" शेवटी हळूच म्हणाला. "तुमीच या ना, मरियमबाई... कायमच्या."

मी पुडी फोडून त्याच्या हातावर ओतली. "आधी ही घ्या."

त्यानं तोंड वेडंवाकडं करत गिळली.

"आता नीट विचारा."

त्यानं विचारलं. मी हो म्हणाले — पण थुंकीची तपासणी तीनदा स्वच्छ आल्यावर, त्याआधी नाही.

राहीबाई चुलीपुढून उठल्या, हात पुसत दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "तपासनी कवा हाय?"