दलदलीवरच्या पाच फळ्या

"आकडा पुन्हा वर! अजून वर!" यंत्राच्या पडद्याला नाक चिकटवून मुंगी ओरडली.

मुंगी म्हणजे अकरा वर्षांची, अंगाने एवढीशी आणि प्रश्न विचारून भंडावून सोडणारी मुलगी. दादा आणि मावसभाऊ भोपळ्या यांच्याबरोबर ती सुट्टीत मावशीच्या संशोधन केंद्रावर आली होती. मावशीचं काम काय भारी होतं! जंगल, माळ, दलदल आणि शेत अशा चार ठिकाणी जमिनीवर पारदर्शक पेटी पालथी घालायची आणि आतला कार्बनवायू वाढतो की घटतो ते मोजायचं. वाढला तर जमीन तो बाहेर सोडतेय, घटला तर पोटात घेतेय. मावशी दोन वर्षं उन्हातान्हात हेच करत होती. मुंगीला तिचं कोण कौतुक!

"दोन वर्षं दलदल कार्बन गिळत होती," मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि तीन आठवडे नुसती ओकतेय! उद्या दलदलीचा निर्णय घ्यायला समिती येईल. हे आकडे पाहिले की दलदल बुजवून शेत करायला ते मोकळे."

"मग बगळ्यांनी कुठे जायचं?" मुंगीचे डोळे भरून आले. दलदल तिची सगळ्यात लाडकी जागा होती.

"रडतेस काय? आधी जाऊन बघू तरी!" दादा म्हणाला.

तिघं केंद्रावरची यंत्रं सांभाळणाऱ्या यंत्रकाकांच्या मागोमाग निघाली. रोजचं मोजमाप काकांकडेच असे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ते चिखल तुडवत गेले आणि पेटी लावून तिच्या अगदी शेजारी उभे राहिले.

"लांब राहा रे! हे शास्त्राचं काम आहे, पोरखेळ नाही!"

काकांनी या पायावरचा भार त्या पायावर टाकला आणि बुटांभोवती बुडबुड फुगे आले. मुंगीने ते बरोबर टिपलं. काका परतल्यावर तिने फर्मावलं, "भोपळ्या, मार उडी!"

"मीच का?"

"वजन हवंय, अक्कल नकोय!"

धप्प! भोपळ्याभोवती फुगेच फुगे!

"चिखल दाबला की आत साठलेला वायू वर येतो. काकांच्या पायांखालचा वायू पेटीत शिरतोय!" मुंगी नाचायलाच लागली.

दादा मात्र चिखलातून डोकावणाऱ्या खुंटांकडे बघत होता. काठापासून पेटीपर्यंत त्यांची सरळ रांग होती. "यांच्यावर फळ्या असणार. गेल्या कुठे?"

मुंगीला एकदम काकांच्या खोलीबाहेरचा नवा कोरा बाक आठवला. ती मावशीला ओढतच तिकडे घेऊन गेली. काका बाकावर ऐसपैस बसून चहा पीत होते.

"काका, काय मजबूत बाक आहे हो! खालून कसा जोडलात?" मुंगीने भोळा चेहरा करून विचारलं.

काकांची छाती फुगली. "बघ की! एक खिळा वाकलेला नाही!" म्हणत त्यांनी स्वतःच बाक उलटा केला.

खालच्या बाजूला पांढऱ्या रंगात ठळक लिहिलं होतं: दलदल १, दलदल २... थेट पाचपर्यंत!

काकांचा चेहरा पडला. "मला वाटलं, फळ्या पाय भिजू नयेत म्हणून आहेत. माझ्याकडे बूट होते, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी काढल्या..."

"त्या चिखल दबू नये म्हणून होत्या!" मावशी कडाडली.

त्याच संध्याकाळी काकांनी निमूटपणे फळ्या पुन्हा ठोकल्या. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं. मावशीने समितीला फळ्यांची हकीकत सांगितली आणि त्यांच्यासमोर पेटी लावली. मुंगीने श्वास रोखून धरला. आकडा हलला आणि उतरू लागला. उतरतच राहिला!

"गिळतेय! दलदल कार्बन गिळतेय!"

समितीच्या प्रमुख बाई नीट बघायला पुढे सरकल्या. त्यांचा एक पाय चिखलावर पडणार तोच मुंगी ओरडली, "थांबा! फळीवरच राहा!"

बाईंनी पाय झटकन मागे घेतला आणि त्या मनापासून हसल्या. "शाबास! इतकं बारीक लक्ष आमच्यात कुणाचंच नव्हतं. मागचे तीन आठवडे बाद करा. आणि दलदलीला कुणी हात लावायचा नाही."

मावशीने मुंगीला जवळ घेतलं आणि नोंदवही तिच्या हातात दिली. "आजचा आकडा तू लिही."

मुंगीने फळीवर मांडी घातली आणि सुवाच्य अक्षरात आकडा लिहिला. पलीकडे बगळे निवांत उभे होते.