पंखवाल्या गाढवाची बाजू

भरिताची वांगी भाजायला बसलेल्या माणसाने दुसरीकडे बघू नये, हे असोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोहिनी तर असोद्याचीच! तरी त्या डिसेंबरच्या दुपारी, काकांच्या मळ्यात, तिने बघितलंच.

बघितलं ते एका किल्लीकडे. चुलतभाऊ जितेंद्रने भरीत पार्टीला आपला मित्र आणला होता – योगराज, धुळ्याचा, देवपुरात राहणारा. त्याने मोटारसायकलची किल्ली खाटेवर टाकली, तर तिला लटकत होतं एक इवलंसं रबरी गाढव. पंखवालं!

"‘नभयात्री’चा दुसरा भाग आवडलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

"आणि नावं ठेवणारी ढिगाने बघितलीत मी," तो हसला. "बसू इथे? वांगी उलटायला मदत करतो."

झालं. बाकीची मंडळी गप्पांत रंगली आणि कपाशीच्या काड्यांच्या जाळापाशी हे दोघंच उरले. ‘नभयात्री’ ही ॲनिमेशनची मालिका, पण वेड लावलं होतं थोरांनाही. पहिल्या भागात इला नावाची मुलगी पंखांच्या हरणावर बसून ढगांच्याही वर जाते. दुसऱ्या भागात हरीण निघून गेलेलं असतं, इला तिशीची झालेली असते आणि तिच्या वाट्याला येतं एक गाढव. तेही उडतं, पण छपराइतकंच.

"कुठे त्या हरणाची झेप... आणि कुठे हे गाढव!" मोहिनी म्हणाली.

"हरणावर बसली तेव्हा पडणं काय असतं, ते तिला ठाऊकच नव्हतं. गाढवावर बसते ती पाय मोडून घेतल्यावर. मला तर हीच इला जास्त धीट वाटते."

"बोलता छान. मास्तर आहात का?"

"आहे ना. भूगोल शिकवतो." त्याने वांगं नुसत्या बोटांनी उलटलं आणि हात झटकत "स्स..." केलं. मोहिनीला हसू आवरेना. तिने चिमटा पुढे केला, त्याने तो घेतला, आणि नजर मात्र जाळाकडे न वळता तिच्याकडेच राहिली.

"शेवटचा पुराचा प्रसंग तरी आवडला असेल?" त्याने विचारलं.

ती हातातली काडी उगाच मोडत राहिली. "...पाहिला नाही. दुसऱ्या भागाचे दोनच एपिसोड पाहिलेत."

"दोन एपिसोडवर एवढं भांडण?"

"पहिला भाग मी एकटीने नव्हता पाहिला," ती हळूच म्हणाली. "साखरपुडा झाला होता माझा. तो पुण्यात, मी इथे... फोन चालू ठेवून दोघं एकाच वेळी बघायचो. दुसरा भाग आला तोवर त्याने लग्न मोडलं होतं. लावला, तर जागोजागी तोच आठवायला लागला. बंद केला. आता घरात स्थळाचा विषय निघाला तरी माझं तेच होतं. त्याच्याशी तुलना करते... आणि बंद."

आईलाही न सांगितलेलं हे या परक्या माणसाला आपण का सांगितलं, तिचं तिलाच कळेना. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, हे खरं.

"अव माय! बठ्ठे वांगे जायून टाकले!" कुंदाकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ध्यान कुठी होतं तुमचं?"

वांग्यांचा नुसता कोळसा झाला होता. जितेंद्रने शिट्टी मारली, पाहुणा कानापर्यंत लाल झाला. ज्यांनी जाळली त्यांनीच नवी तोडून आणायची, असा काकूंचा हुकूम सुटला आणि दोघं टोपली घेऊन वाफ्यात शिरले. जणू ती शिक्षाच होती!

हिरवीगार वांगी टोपलीत पडत होती.

"पुढचे एपिसोड बघायला हवेत का मी?" तिने विचारलं.

"माझ्यासाठी नकोत." तो थांबला. "नाही... खोटं कशाला बोलू? माझ्यासाठीच. नुसतं भरीत खायला आलो होतो हो मी. आता देवपूरला परतायला पाय निघत नाहीये."

मोहिनीला भीती वाटली. आणि भीतीपेक्षा जास्त आनंद झाला, कितीतरी दिवसांनी.

"मी तुलना करणार," ती म्हणाली. "तुम्ही हसाल तेव्हा कधी त्याचं हसणं आठवेल मला. आधीच सांगून ठेवते."

"करा की. फक्त दोन पानं वाचून पेपर नापास करायचा नाही. शेवटपर्यंत तपासायचा."

तिने टोपलीची दुसरी कडा धरली.

"मग रविवारी या. फोनवर नाही बघायचं. आमच्या ओसरीवर, सगळ्यांसमोर बसून बघू. अगदी पहिल्या एपिसोडपासून."

"सगळ्यांसमोर?" त्याने वळून काकूंकडे पाहिलं. "काकूंनी विचारलं तर?"

"काकूंना मी सांगेन," मोहिनी म्हणाली, "हे शेवटपर्यंत थांबणार आहेत म्हणून."