अंगठा पोचेल असं बटण

"ज्यानं ही वेबसाइट केलीय ना, त्याला भर उन्हात उभं केलं पाहिजे!"

जिन्याच्या वळणावर एक तरुण स्वतःच्याच बंद दारापुढे करवादत होता. एका हातात दूध-अंड्यांची पिशवी, दुसऱ्यात फोन. मी समोरच्या आजींचं कुलूप बदलून निघाले होते. सहज त्याच्या फोनमध्ये डोकावले आणि… अगं बाई! काळ्यावर सोनेरी अक्षरं. आमच्याच दुकानाची वेबसाइट. मी स्वतः महिनाभर खपून केलेली.

"कुलूपवालीच हवीय ना?" मी हत्यारांची पेटी दाणकन खाली ठेवली. "मीच ती. आणि वेबसाइटही मीच केलीय. करा उन्हात उभं."

तो असा ओशाळला की पिशवी हातातून सुटता सुटता वाचली. मी गुडघे टेकून कुलपाशी खटपट सुरू केली, पण हा भला माणूस गप्प बसेल तर शपथ!

"राग मानू नका… मी वेबसाइटचीच कामं करतो. तुमचे ते सरकते फोटो उघडेपर्यंत माझं दूध नासेल. नंबर आहे तो फोटोत, दाबला तरी फोन लागत नाही. आणि खाली काय, तर नाव, पत्ता, ईमेल भरा! बाहेर अडकलेला माणूस हे भरत बसेल?"

"कॉम्प्युटरवर झकास दिसते," मी फणकारले.

"कॉम्प्युटर घरात असतो हो. तुमचं गिऱ्हाईक दाराबाहेर."

दार उघडलं. त्याचं म्हणणं मात्र खरंच होतं की!

आणि मला रुसून बसायला वेळ नव्हता. बाबांचे गुडघे दुखायचे, गिऱ्हाईक आटलं होतं, आणि शेजारचा बेकरीवाला मधली भिंत पाडायला टपून बसला होता. महिनाअखेरीपर्यंत कामं आली नाहीत तर दुकान त्याला द्यायचं, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. मला ते दुकान हवं होतं. बस्स. पावाच्या भट्टीला मी ते देणार नव्हते.

"मला शिकवाल?" मी विचारलं. "नुसती करून देऊ नका. शिकवा."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "उद्या संध्याकाळी येतो," म्हणाला.

मग तो रोजच यायला लागला. सरकते फोटो गेले. नाव-पत्त्याचे रकाने गेले. सोनेरी अक्षरांवरून मात्र जुंपली.

"राहू दे ना… निदान दुकानाचं नाव तरी!"

"उन्हात वाचता येत नाही. किती हट्टी आहेस गं!"

"आहेच."

'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा त्यानं मला दुकानाबाहेर उभं केलं, एका हातात जड पिशवी दिली. "आता एकाच हातानं फोन लाव."

"अंगठा पोचत नाही. तुझा हात केवढा, माझा केवढा!"

त्यानं माझा अंगठा हलकेच धरून बघितला… "मग बटण खाली आणू," तो पुटपुटला, पण हात सोडायला विसरला. मीही आठवण करून दिली नाही. बाबा आत उगीचच खोकले.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी नवी वेबसाइट सुरू झाली. मी फोन पुढ्यात घेऊन बसले. दुपार झाली. एक फोन नाही. चार वाजता बेकरीवाला मोजपट्टी घेऊन हजर. बाबा त्याला दुकान दाखवायला उठले.

"थांबा!" मी ओरडले. "मी स्वतः दाबून बघते."

मी बटण दाबलं. तेवढ्यात तो धापा टाकत दारात आला, आणि त्याच्याच खिशात फोन थरथरायला लागला.

तो पांढराफटक पडला. "तपासायला माझा नंबर घातला होता… बदलायचा राहिला. सकाळपासून मीटिंगमध्ये होतो, फोन बॅगेत होता, आत्ताच खिशात टाकला…" त्याच्या स्क्रीनभर लोकांचे हुकलेले फोन! माझं चुकलं, म्हणत तो खाली मान घालून उभा राहिला.

असा संताप आला म्हणता! पण रडायला आणि भांडायला उद्याचा दिवस होता. "नंतर ओरडेन. आधी नंबर बदल आणि गाडी काढ!"

त्याच्यामागे बसून मी एकेकाला फोन लावत सुटले. कुणी झापलं, कुणी दुसऱ्याला बोलावून मोकळे झाले होते. पण एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन शेजारणीकडे ताटकळत होत्या. एका न्हाव्याचं शटर अडकलं होतं. एका मास्तरांनी किल्ली कुलपातच मोडली होती. मी उघडत गेले, तो विजेरी धरून उभा. मध्येच माझाही फोन वाजू लागला, उद्याची कामं येऊ लागली.

परतलो तेव्हा माझ्या फोनांवरून बाबांना सगळं कळलं होतं. ते पुन्हा आलेल्या बेकरीवाल्याला म्हणाले, "मोजपट्टी गुंडाळा. माझ्या लेकीचं दुकान आहे हे."

मी डोळे पुसले आणि बाहेर आले. तो गाडीपाशीच घुटमळत होता.

"काम झालं तुझं…" तो म्हणाला. "आता यायला काही कारण उरलं नाही."

"कारण लागतं?"

"बाबांना काय सांगू?"

"तू कशाला? मी सांगते." मी दुकानाकडे तोंड करून हाक मारली. "बाबा! हा उद्यापासूनही येणार आहे. वेबसाइटसाठी नाही, माझ्यासाठी. मला आवडतो तो!"

आत किल्ली घासणारी बाबांची कानस थांबली. "त्याला विचारलंस का, बाई?"

मी वळून पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता, आणि माझा हात त्यानं घट्ट धरला होता.

"विचारायला कशाला हवं, काका!" तो ओरडला. "मी केव्हापासून तयार आहे!"