चुका काढणारी

आधीच सांगतो, ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा. तुमच्यासाठी लिहीतच नाहीये.

ही घटना माझ्या मावसबहिणीची. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... असलं काही यात नाही. ती भुतं तुम्हालाच लखलाभ. हे झालं भर दुपारी, लख्ख पुसलेल्या फरशीवर, ट्यूबलाइटखाली.

बहिणीला घरात सगळे मिरची म्हणतात. जर्मन बोलणाऱ्या देशात नर्स म्हणून गेली. इथे आयसीयू एकहाती सांभाळणारी बाई, तिथे म्हाताऱ्यांच्या वॉर्डात मदतनीस! का? तर भाषेची तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय नर्स म्हणून नोंदणी नाही. नापास झाली की परत घरी.

आणि घरी तिच्या काकू-आत्या टपूनच बसलेल्या. "गेली होती मोठी फॉरेनला!" हे वाक्य त्यांनी पाठ करून ठेवलं होतं.

वॉर्डात कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारी होती. जन्मभर शाळेत शिकवलेली. मिरचीने तिचं नाव ठेवलं मास्तरीण.

अंगाची काडी, पण तोरा केवढा! मिरची तिचं ढुंगण धुवायची आणि ही पडल्या पडल्या मिरचीची अक्कल काढायची.

आता आपली पोरगी मराठीतूनच विचार करणार. आपल्यात ती खिडकी. त्यांच्यात ते खिडकी. मिरची चुकून "ती" म्हणाली की म्हातारी जिभेने आवाज काढायची.

च्च.

मग म्हणायची, "पुन्हा."

"मी मनात म्हणायचे, मर एकदाची," मिरचीने मला स्वतः सांगितलंय. "खोटं कशाला बोलू?"

एका दुपारी मिरची तिची चादर बदलत होती. म्हातारी कधी नव्हे ते गप्प होती. छताकडे बघत म्हणाली, "मी जाते आता."

मिरचीला काय सुचलं कोण जाणे. कंबरेवर हात ठेवून त्यांच्याच भाषेत म्हणाली, "चूक! आमच्यात निघताना असं म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात. म्हणा, येते. पुन्हा!"

सगळा वचपा एका वाक्यात काढला.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग मराठीत, एकदम स्वच्छ...

"येते."

दुसऱ्या दिवशी मिरची ड्युटीवर आली, तर पलंग रिकामा. म्हातारी पहाटेच गेली होती.

मिरचीला काडीचं वाईट वाटलं नाही. "सुटले," म्हणाली.

दुपारी ती त्याच खोलीत पलंग पुसायला गेली. सोबत मोठी सिस्टर, म्हणजे वॉर्डची प्रमुख. खोलीत औषधांचा वास कोंडला होता. मिरचीने विचारलं, खिडकी उघडू का? आणि सवयीने खिडकीला "ती" म्हणाली.

रिकाम्या पलंगावरून...

च्च.

मिरचीच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"काय झालं?" मोठ्या सिस्टरने विचारलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

सांगणार काय? आधीच मदतनीस, त्यात वेडी ठरली तर सामान बांधायचं. मिरचीने मुकाट्याने शब्द सुधारला.

शांतता.

त्यानंतर ती जिथे चुकेल तिथे. लिफ्टमध्ये एकटी फोनवर बोलताना. दुकानाच्या रांगेत. खोलीवर पाठांतर करताना, समोरच्या रिकाम्या खुर्चीतून...

परीक्षेतही तेच. चुकीचा शब्द ओठांवर यायच्या आतच कानाशी... च्च. ती शब्द बदलायची. मग आवाज बंद.

शेवटी परीक्षक खूश होऊन म्हणाला, "इतकी जुन्या वळणाची शुद्ध भाषा कुठे शिकलात?"

पास!

मावशीने गल्लीभर सांगितलं. काकू-आत्यांची तोंडं अशी झाली की फोटो काढून ठेवायला हवा होता.

त्या रविवारी मावशीने फोन स्पीकरवर लावला. मी शेजारीच होतो. मिरची खुशीत बडबडत होती. मध्येच म्हणाली, "थांब गं आई, दार उघडं राहिलंय."

आणि फोनमधून...

च्च.

मी ऐकलं. मावशीनेही ऐकलं.

 मग वर्गात उभं केलेल्या पोरीसारखा मिरचीचा बारीक आवाज आला, "दार... उघडी... राहिलीये."

त्यांच्या भाषेत दाराला "ती" म्हणतात, हे मला नंतर कळलं.

मावशी खो खो हसली. "काय गं भवाने, एवढ्यात मराठी विसरलीस?"

मिरची कुजबुजली, "आई... हळू बोल. तिला आता आपलंही कळतं."

फोन कट.

तेव्हापासून मायलेकी बोलत नाहीत. फक्त टाइप करतात. मिरची तिकडेच आहे. आता पक्की नर्स.

इथल्या एका दीडशहाण्याने मला मेसेज केलाय, "भावा, आवाजात रेकॉर्ड करून टाक ना, जाम भारी होईल."

नाही टाकणार. आणि तू हसतोयस ना, हस.

मी हल्ली आईला पाणी मागतानासुद्धा आधी वाक्य मनात तपासून बघतो.