सोबतीला बसलेली ताई

“‘...आणि त्या पहिल्या वर्षी वर्गात बाईमाणूस म्हणून मी एकटीच होते!’” धाकटीने आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचून दाखवलं, आणि ताईच्या हातातलं विणकाम गळून पडलं.

एकटी? मग चार वर्षं शेवटच्या बाकावर हिच्या शेजारी कोण बसलं होतं? विद्यापीठाचा नियमच होता तसा, मुलीने वर्गात यायचं तर घरातली एक बाई सोबतीला हवी. ताई बसली. चांगलं चालून आलेलं स्थळ वाट पाहून परत गेलं, तरी बसली... आणि आज या निवृत्त प्राध्यापकबाई विद्यापीठातल्या स्त्रियांचा इतिहास लिहीत होत्या, त्यात ताईला एका ओळीचीही जागा नव्हती! पण आपण तरी का रडतोय? आपण कुठे विद्यार्थिनी होतो? मग काळजात हे काय तुटतंय? ताईला काही केल्या उमजेना.

“चिमे, मला वगळलंस?”

“तसं नाही गं, ताई...”

“मग कसं? एवढी शिकलीसवरलीस, नीट सांग की!”

धाकटीने एक कागद पुढे केला. “विद्यापीठाच्या जुन्या दफ्तरात सापडला. प्रवेश परीक्षेची यादी. त्यात दोन मुली आहेत! एकीपुढे लिहिलंय, ‘स्वतःच्या विनंतीवरून अर्ज मागे’... मला वाटलं, त्या परीक्षेच्या दिवशी तू बाहेर माझी वाट बघत थांबली होतीस!”

ताई चोरी पकडल्यासारखी गोंधळली. “माझा नंबर दुसऱ्या खोलीत होता. नापास झाले तर तू हसशील म्हणून बोलले नाही. मग नियम कळला. सोबतीला विद्यार्थिनी चालत नव्हती, आणि आई अंथरुणाला खिळलेली... सांगितलं असतं, तर तू पाऊल टाकलं असतंस वर्गात?”

“नसतं टाकलं!” धाकटी हुंदके देत तिच्या कुशीत शिरली. “म्हणून तर लिहिता येईना गं... तुझं नाव आलं की माझी पदवी मलाच चोरलेली वाटते! पण आता तुझ्यापासूनच सुरुवात करते.”

“वेडी कुठली!” पासष्टीच्या चिमीच्या पांढऱ्या केसांवरून ताईचा हात फिरत राहिला. मनात राग होता की माया, तिचं तिलाच कळत नव्हतं. मग एकाएकी तो हात थांबला.

“पण यादी लागायच्या आधीच मी अर्ज मागे घेतला होता... चिमे, मी पास झाले होते?”

“पास? ताई, यादी गुणांप्रमाणे आहे. पहिलं नाव तुझं आहे. सगळ्या मुलांच्याही वर!”

ताईने चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. अक्षरं काही स्थिर होईनात.

“मला दिसत नाहीये गं,” ती म्हणाली. “तूच वाच... मोठ्याने वाच.”