निवडणीतले खडे

आपली बायको कुमुद गेली हे यशवंत आवटींना डॉक्टरांच्याही आधी कळलं. मिरजेच्या एका रुग्णालयात मेंदूलेख, म्हणजे ईईजी, काढण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्या सकाळी पडद्यावरच्या बत्तीस रेघा सपाट झाल्या आणि कोपऱ्यातला खड्यांचा आकडाही शून्यावर आला. त्यांनी यंत्र बंद केलं, तिच्या डोक्यावरची तारांची टोपी काढली, केस नीट केले आणि मग नर्सला हाक मारली.

खडे हा त्यांचाच शब्द. कपाळाचा किंवा जबड्याचा स्नायू जरा आवळला, तरी त्याची वीज मेंदूच्या क्षीण विजेला झाकून टाकते. ‘निवडणी’ ही नवी प्रणाली तांदळातून खडे वेचावेत तशी ती वेचून वेगळ्या कप्प्यात टाकी. डॉक्टर फक्त तांदूळ बघत. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून कुमुद निपचित पडली होती. ‘हात हलवायचा विचार करा’ असं सांगूनही तांदळात फरक दिसला नाही. जाणीव नाही, असं ठरलं. आवटींनी काढलेले तिचे लेख मात्र सगळ्यांत स्वच्छ येत.

महिन्याने ते कामावर आले. जुने कप्पे पुसायचे होते. कुमुदचा कप्पा पुसण्याआधी त्यांनी उघडला, नुसता बघायला.

जबड्याच्या रेघा दाट होत्या. पण बहुतेक सकाळी एका क्षणी त्या एकदम विरळ होत. लेखासोबत खोलीतला आवाजही मुद्रित होई; त्यांनी त्या क्षणाचा आवाज लावला. आवाज त्यांचाच होता.

“जबडा सैल सोड.”

एकतीस वर्षं ते प्रत्येक रुग्णाला हेच सांगत आले होते. बेशुद्ध बायकोलाही सवयीने सांगत. घरी भांडण झालं की ती म्हणायची, “आता जबडा सैल सोडायला सांगू नका. मी तुमची पेशंट नाही.”

मेंदूविभागाच्या डॉ. रेहाना मुजावरांना त्यांनी नोंदी दाखवल्या. त्यांनी त्या दोनदा तपासल्या.

“योगायोग असेल का, मॅडम?”

“तेवीस दिवस, तेवीस वेळा, दोन सेकंदांच्या आत? काका, रविवारी तुमच्या जागी यंत्रावर कोण असायचं?”

“शिंगे. तो बोलतोय कुठला. कानात गाणी लावून बसतो.”

“रविवारी रेघा उतरलेल्या नाहीत.” त्या पडद्याकडे बघत राहिल्या. “हाताचा विचार करणारा भाग गेला होता. जबड्याची वाट शाबूत होती. त्या ऐकत होत्या, काका.”

आवटी खुर्चीत बसले. डोळ्यांना कधीच दिसली नसती एवढीशी हालचाल. तिच्यामागे अख्खी कुमुद होती.

“पहिल्यांदाच ऐकलं तिनं माझं,” ते म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं. तिला बोलायला एकच वाट उरली होती, जबडा आवळण्याची. रोज ते तिला तेवढंच थांबवायला सांगत होते, आणि ती थांबत होती. म्हणून लेख स्वच्छ येत होते.

“वरच्या वॉर्डात असे निपचित किती जण आहेत?” मुजावरांनी विचारलं.

“नऊ.”

पहिल्या खाटेवर बेडग गावचे एक पोस्टमन होते, चार महिने निपचित. आवटींनी त्यांना टोपी चढवली आणि निवडणी बंद केली. तोंडावर आलेलं नेहमीचं वाक्य गिळून ते म्हणाले, “दात आवळा, भाऊ. जमेल तेवढे.”

दोन सेकंद गेले. रेघा दाट झाल्या.

“आता सोडा.”

विरळ झाल्या.

आवटींनी टोपी सावकाश काढली.

आठ जणांना विचारायचं अजून राहिलं होतं.