व्हाइस म्हणजे नेमकं काय?

राजारामपुरीतल्या इंग्रजीच्या क्लासात त्या दिवशी सरांनी शब्दांच्या जोड्या दिल्या होत्या. व्हर्च्यू म्हणजे सद्गुण, व्हाइस म्हणजे दुर्गुण. लगेच मागच्या बाकावरून एक जण उठला.

"सर, मग आमच्या साखर कारखान्याचे व्हाइस चेअरमन...?"

सगळ्यात मोठ्यानं हसले ती मी!

क्लास सुटला तर हा फाटकाशी सायकल धरून उभा. मुरगूडचा जोतीराम, कारखान्यात क्लार्क.

"लई हसलासा की, विमलाताई."

"ताई कुणाला म्हणताय?"

"मग काय म्हणू?"

आता काय सांगणार, कप्पाळ!

मग तो रोज बसस्टॉपपर्यंत सोबत येऊ लागला, सायकल हातात धरून, शब्द घोकत.

"ऑनेस्ट?"

"प्रामाणिक."

"विकेड?"

"तुम्ही!"

मी बघितलं की उगाच सायकलची घंटी वाजवायचा. विमलाताईची विमल कधी झाली, कळलंही नाही. मला तो आवडत होता, अगदी मनापासून. पण त्याच्या मनात काय, देव जाणे!

अशात घरी ठरलं – रविवारी सांगलीचे पाहुणे मला बघायला येणार. मी बसस्टॉपवर त्याला सांगून टाकलं. वाटलं, आता तरी बोलेल.

त्याचे कान लालभडक. मग हळूच म्हणाला, "विमल... यू आर माय व्हाइस."

मी गोंधळलेच. दुर्गुण? मी? का व्यसन म्हणायचंय? का आवाज – व्हॉइस? माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

"मी एवढी वाईट आहे होय?"

"अगं, न्हाय न्हाय!" घंटी दोनदा वाजली. "चेअरमन जाग्यावर नसला की कारभार कुणाकडं?"

"व्हाइस चेअरमनकडे..."

"मग? मी तरी हल्ली जाग्यावर असतोय कुठं?"

हसू का रडू, समजेना. तेवढ्यात बस आली आणि गेलीसुद्धा.

"आणि सांगलीचे पाहुणे?" मी विचारलं.

"ते तू ठरवायचं. समदी पॉवर तुझ्याकडंच की."

घरी जाऊन आईला म्हटलं, "पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळव."

"का गं? नोकरीबिकरी लागली काय कुठं?"

"व्हय," मी म्हटलं, "आजच चार्ज घेतला!"